विदर्भातल्या खेड्यातून परदेशी शिकायला जायचं तर सुरुवात कागदांपासून करा

दर रविवारी माझ्याकडे दारव्हा, दिग्रस, आर्णीकडची चार-पाच पोरंपोरी येऊन बसतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, कोणता देश चांगला?" मी त्यांना आधी आधार कार्ड आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी-शेजारी ठेवायला सांगतो. दोन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे, असं फार थोड्यांचं निघतं.

मी स्वतः यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून निघून इंग्लंडात एक वर्षाची मास्टर्स करून आलो. पण त्याआधी माझं एक अख्खं वर्ष गेलं. विद्यापीठाचं ऑफर लेटर हातात होतं, शिष्यवृत्तीची जाहिरात निघाली, आणि माझ्याकडे चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला नव्हता, जात वैधता प्रमाणपत्रही नव्हतं. मुदत संपली तेव्हा मी दाखल्याच्या रांगेत उभा होतो. तुमचं असं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असाल तर वेळ अगदी योग्य आहे. शेवटच्या वर्षाला असाल तर आजच लागा.

पहिलं काम : नाव

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर हाच क्रम उलटा असतो, कधी वडिलांचं नावच नसतं. त्यात इंग्रजी स्पेलिंगचा घोळ. एकाच घरात बापाचं 'राऊत' एका स्पेलिंगने आणि पोराचं दुसऱ्याच. गावात याने काही अडत नाही. परदेशी विद्यापीठ, बँक आणि दूतावास मात्र अशा प्रत्येक नावाचा माणूस वेगळा समजतात.

दहावीची गुणपत्रिका पायाभूत धरा आणि बाकी सगळं तिच्याशी जुळवा. आधार दुरुस्त करणं सोपं आहे, ते आधी उरका. चूक गुणपत्रिकेतच असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे दुरुस्तीचा प्रस्ताव जातो आणि त्याला महिने लागतात. नाव खरोखरच बदललं असेल, उदाहरणार्थ लग्नानंतर, तर राज्य शासनाच्या राजपत्रात नोंद करून घ्या. स्पेलिंगचा किरकोळ फरक उरलाच तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

हे झाल्यावरच पासपोर्टचा अर्ज भरा. त्यात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. स्वतःचं आणि वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. आडनावाशिवायच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा निघाला तर पहिल्या नावाच्या जागी 'पहिलं नाव माहीत नाही' अशा अर्थाची तीन अक्षरं छापून येतात आणि पुढे प्रत्येक ठिकाणी समजावत बसावं लागतं. साधी फी १,५०० रुपये, तत्काळ ३,५००. आपल्याकडचे अर्ज नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे जातात, पण अनेक ठिकाणी पोस्ट ऑफिसातच सेवा केंद्र झालंय, तेव्हा अपॉइंटमेंट घेताना जवळचं केंद्र बघा. पोलिस पडताळणीसाठी ठाण्यातून फोन येतो. शिकायला अमरावती-नागपूरला खोली करून राहत असाल तर पत्ता कोणता देता ते नीट ठरवा, कारण पडताळणी त्याच पत्त्यावर होते.

दाखले काढून ठेवा, लागतील तेव्हा मिळत नाहीत

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचं प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन क्रिमीलेअर आणि जात वैधता. पहिले चार सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतात. उत्पन्नाचा आणि नॉन क्रिमीलेअरचा दाखला मुदतीचा असतो, म्हणून एप्रिल लागला की नवा काढायची सवयच लावून घ्या.

खरा वेळखाऊ कागद जात वैधतेचा. बारावी सायन्सनंतर इंजिनिअरिंगला गेलेल्यांकडे तो असतो. बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांकडे बहुधा नसतो, कारण तोवर कोणी मागितलेलाच नसतो. त्यासाठी जुने पुरावे लागतात : अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबा शाळेतच गेले नाहीत, मग दाखला कुठला, असं पोरं हताश होऊन सांगतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल मागा, जुन्या हक्कनोंदणीची नक्कल मागा. चुलत घराण्यात कोणाला वैधता मिळाली असेल तर तो सगळ्यात मोठा आधार. वंशावळ लिहून काढायला घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आजीला जे आठवतं ते कोणत्याच दप्तरात नसतं.

देश आणि कोर्स

आता देशाचं. सोपं गणित असं की तुमची पदवी किती वर्षांची, हातात पैसा किती आणि परतायचं कधी, यावर देश ठरतो.

तीन वर्षांची पदवी असेल तर इंग्लंडमध्ये मास्टर्सला अडचण येत नाही आणि कोर्सही बहुधा एका वर्षाचा असतो. अमेरिकेत अनेक विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, म्हणजे बीएस्सीनंतर थेट जाता येईल की नाही, ते विद्यापीठागणिक तपासावं लागतं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क. अपवाद आहेत : बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी सुरू केली आहे. फी नाही म्हणून जर्मनी फुकट समजू नका. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरून दाखवावे लागतात, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये. ते पैसे तुमचेच असतात, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो असे परत मिळतात. पण एकरकमी उभे करावे लागतात.

जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्रही हवं, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून खरी असल्याचा दाखला. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते बंधनकारक आहे, फी १८,००० रुपये, आणि त्याला आठवडे जातात. आपल्या टक्क्यांचा जर्मन ग्रेडही आधीच काढून बघा. सूत्र असं : जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करा, जास्तीत जास्तमधून उत्तीर्णतेचे गुण वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. ६८ टक्के असतील आणि पास ४० ला असेल तर ३२ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.६. तिकडे आकडा जितका लहान तितका चांगला आणि बऱ्याच कोर्सना २.५ ची अट असते. अर्ज करण्याआधी एवढं कळलं तर फी वाचते.

एजंटबद्दल. नागपूर, अमरावतीत त्यांची ऑफिसं दिसतात. काही मनापासून मदत करतात. पण अनेकांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्यामुळे ज्यांच्याशी त्यांचा करार आहे तीच नावं ते पुढे करतात. जर्मनीतलं सरकारी विद्यापीठ ते तुम्हाला सहसा सुचवणार नाहीत. कोणी मूळ कागद ठेवून घेत असेल किंवा "खात्यात बॅलन्स दाखवून देतो" म्हणत असेल तर तिथून उठा. खोटी कागदपत्रं पकडली गेली तर इंग्लंडमध्ये दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी लागू शकते, आणि ती एजंटला लागत नाही, तुम्हाला लागते.

इंग्रजी

मराठी माध्यमाच्या पोरांचा सगळ्यात मोठा धसका हा. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि निकाल दोन वर्षं चालतो. म्हणून घाई करून परीक्षा देऊ नका, पण दहा महिने आधी तयारीला लागा. आपली पोरं वाचनात बरी असतात, बोलण्यात अडतात. बोलण्याच्या दुसऱ्या भागात एक मिनिट विचार करून दोन मिनिटं सलग बोलायचं असतं. याचा सराव घरी होतो. रोज एक विषय घ्या : आमच्या गावचा बाजार, आवडता शिक्षक, पावसाने दगा दिलेलं वर्ष. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि स्वतःच ऐका. पहिला महिना कानाला बोचेल. उच्चार इंग्रजांसारखा करायची गरज नाही, परीक्षक स्पष्टपणा बघतात. मी वावरात पाणी द्यायला रात्रीची पाळी असायची तेव्हा बांधावर बसून हेच करायचो, आणि तेवढा निवांतपणा मला पुढे कुठल्या क्लासमध्ये मिळाला नाही.

घरून देता येणारी इंग्रजीची ऑनलाइन परीक्षाही काही विद्यापीठं ग्राह्य धरतात. पण लाईट गेली किंवा नेट तुटलं तर पेपर जातो, तेव्हा गावातून देऊ नका. शहरातल्या मित्राच्या खोलीवर जा. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर तसं पत्र कॉलेजकडून घ्या. काही विद्यापीठं त्यावरच परीक्षा माफ करतात, फक्त आधी ई-मेल करून विचारा.

ट्रान्सक्रिप्ट, शिफारसपत्र आणि एसओपी

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाने प्रमाणित केलेला एकत्र उतारा. अमरावतीचं संत गाडगेबाबा विद्यापीठ असो, नागपूरचं तुकडोजी महाराज विद्यापीठ असो की गडचिरोलीचं गोंडवाना, परीक्षा विभागाला अर्ज करावा लागतो. मूळ गुणपत्रिका आणि झेरॉक्सचा एक संच घेऊन जा, चार-पाच प्रती सीलबंद लिफाफ्यात मागा. एटीकेटी लागली असेल तर त्या सत्राच्या जुन्या गुणपत्रिका फेकू नका, त्या मागितल्या जातात.

शिफारसपत्राचं आपल्याकडे वेगळंच अडतं. सर मनाने चांगले असतात, पत्र द्यायला तयार असतात, पण त्यांचा ई-मेल खाजगी असतो. परदेशी विद्यापीठ त्यांनाच थेट लिंक पाठवतं आणि कॉलेजच्या नावाचा ई-मेल असेल तर त्याला वजन येतं. प्राचार्यांना भेटून सरांसाठी तसा आयडी बनवून घ्या. लिंक आली की सरांच्या बाजूला बसून फॉर्म भरायला मदत करा, मजकूर मात्र त्यांनाच लिहू द्या. तुम्ही त्यांच्या विषयात काय केलं, कोणता प्रकल्प केला, याचा एक पानभर कागद त्यांना दिला तर पत्रात जीव येतो.

एसओपी, म्हणजे तुम्हाला हे का शिकायचंय ते सांगणारं निवेदन. इथे मी सगळ्यात जास्त वेळ बसतो. पोरं सुरुवात करतात, "मी गरीब शेतकऱ्याचा मुलगा आहे." खरं आहे, पण निवड समितीला त्यातून तुम्ही काय शिकणार ते कळत नाही. अकोला जिल्ह्यातल्या एका मुलीने आधी असंच लिहिलं होतं. मी विचारलं, तुमच्या विहिरीचं पाणी कसं आहे? ती म्हणाली, खारट, खारपाणपट्टा आहे ना आमचा, आजी अजून पावसाचं पाणी साठवते. मग तिने त्याच पाण्यापासून निवेदन सुरू केलं : पूर्णा खोऱ्यातलं खारं भूजल, त्यावर ओलिताला आलेली मर्यादा, बीएस्सीत तिने तपासलेले नमुने, आणि जलविज्ञानात तिला नेमकं काय शिकायचंय. तुमच्याकडे असं काहीतरी असतंच. कापसावरची गुलाबी बोंडअळी, गडचिरोलीतला सिकलसेल, वरूड-मोर्शीचा संत्रा, धानाच्या बांध्या. जे तुम्ही रोज बघता ते तिकडच्या प्राध्यापकाने पाहिलेलं नसतं. पुस्तकी शब्द काढा, गावाचं नाव राहू द्या.

पैसा : शिष्यवृत्ती

वर्षभर आधी शोध सुरू करा, कारण अर्ज प्रवेशाच्या आधी बंद होतात. दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव असेल तर ब्रिटनची चेव्हनिंग आहे. ती ऑगस्टमध्ये खुली होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होते, म्हणजे जायच्या जवळपास वर्षभर आधी. युरोपात इरास्मुस मुंडुस आहे, दोन-तीन देशांत मिळून मास्टर्स आणि महिना १,४०० युरो. तिचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. तिला उत्पन्नाची अट नाही.

केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वर्षाला १२५ जणांना मिळते : ११५ अनुसूचित जातींचे, ६ विमुक्त-भटके, आणि ४ भूमिहीन शेतमजूर किंवा पारंपरिक कारागिरांच्या घरचे. शेवटच्या चार जागा मी मुद्दाम सांगतोय, कारण रोजमजुरीला जाणाऱ्या घरातल्या पोरांना ही जागा आपल्यासाठी आहे हे ठाऊकच नसतं. उत्पन्न आठ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत, पदवीला ६० टक्के आणि क्यूएस या जागतिक विद्यापीठांच्या क्रमवारीत पहिल्या ५०० मधलं विद्यापीठ, अशा मुख्य अटी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाच्या वेगळ्या २० जागा आहेत, त्यातल्या ३ कोलाम, माडिया यांच्यासारख्या आदिम समूहांसाठी. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. ओबीसी, विमुक्त-भटके, आदिवासी आणि खुल्या गटासाठीही राज्याच्या वेगवेगळ्या खात्यांच्या योजना आहेत. अटी मधूनमधून बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, चालू वर्षाची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

ऑफर लेटर 'विनाअट' आहे का, हेही बघा. पदवीचा निकाल किंवा इंग्रजीची परीक्षा बाकी असेल तर विद्यापीठ सशर्त ऑफर देतं आणि केंद्राच्या शिष्यवृत्तीला ती चालत नाही. काही विद्यापीठं अनामत भरल्याशिवाय पुढचं पत्र देत नाहीत. त्यांना लिहा की मी शासकीय शिष्यवृत्तीसाठी अर्ज करतोय, अनामत माफ करा. बरीच ऐकतात.

एकट्याने हे सगळं जड जात असेल तर यवतमाळमधून उभं राहिलेल्या एकलव्य इंडिया फाउंडेशनच्या कार्यशाळा बघा. लोणार तालुक्यातल्या खेड्यातून चेव्हनिंगवर लंडनला गेलेल्या राजू केंद्रे यांनी ती संस्था सुरू केली आहे आणि परदेशी शिक्षणाच्या अर्जांसाठी तिथे मार्गदर्शन मिळतं.

पैसा : कर्ज

विद्यालक्ष्मी पोर्टलवर एकाच अर्जातून अनेक बँकांकडे मागणी करता येते. साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असतात. त्यापुढे बँक तारण मागते, आणि खेड्यातला माणूस इथेच अडतो. आठ एकर ओलिताचं वावर असलं तरी शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर बँक भरवसा ठेवत नाही, मालमत्ता पत्रक मागते. चालतं ते एनए प्लॉट, मंजूर नकाशाचं घर, मुदत ठेव, विमा पॉलिसीचं सरेंडर मूल्य. शहरातल्या काका-मामाची मालमत्ताही त्यांच्या संमतीने चालते. बँकेचा वकील मालमत्तेचा साधारण ३० वर्षांचा शोध घेतो, त्याला वेळ लागतो, म्हणून ऑफर येण्याआधीच कागद जमवा.

दुसरी अडचण वडिलांच्या सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीची. पीककर्ज थकलं असेल किंवा तडजोडीत मिटवलं असेल तर ते तिथे दिसतं. कर्जमाफीत बसलेलं कर्जही बँकेने नीट बंद केलंय की नाही, ते तपासा आणि नसेल तर बेबाकी (कर्ज बाकी नसल्याचा) दाखला घेऊन नोंद दुरुस्त करायला लावा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसला तरी वडिलांचं विवरणपत्र भरायला आजपासून सुरुवात करा. बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते आणि ती मागच्या तारखेने उगवत नाहीत.

हप्त्याचा हिशोब घरच्यांसमोर कागदावर मांडा. २० लाख, ११ टक्के, दहा वर्षं धरली तर महिन्याला सुमारे २७,५०० रुपये. शिक्षणाच्या काळात हप्ता नसतो, पण वर्षाला दोन लाख वीस हजार व्याज चढत राहतं. एवढा पगार मिळेल असा कोर्स आहे का, हे आईबापाला विचारायचा हक्क आहे आणि तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे. वावर विकून किंवा सावकाराकडून पैसा उचलून जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. एक वर्ष थांबा, नोकरी करा, शिष्यवृत्तीचा अर्ज पुन्हा भरा.

एक बारीक गोष्ट : बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी परदेशी पाठवली तर एप्रिल २०२५ पासून त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापत नाहीत. कापायला लागले तर शाखेत नियम दाखवा.

व्हिसा

इंग्लंडसाठी पैसे खात्यात सलग २८ दिवस दिसले पाहिजेत. कापूस किंवा सोयाबीन विकून एकदम मोठी रक्कम जमा झाली असेल तर आडत्याची हिशोबपट्टी आणि बाजार समितीची पावती जपून ठेवा, पैसा कुठून आला ते विचारलं जाऊ शकतं. क्षयरोगाची तपासणी ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते, जिल्हा रुग्णालयाचा रिपोर्ट चालत नाही. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे, तो बजेटमध्ये धरायला लोक विसरतात. अमेरिकेला ३५० डॉलर सेविस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या तिथल्या सरकारी नोंदणीची) आणि वकिलातीत मुलाखत. मुंबईला जायचं असेल तर विदर्भ एक्स्प्रेसने आदल्या दिवशी पोहोचा. गाडीला उशीर झाला तर ती सबब तिथे ऐकत नाहीत.

मुलाखतीत पाठ केलेलं बोलू नका. हाच कोर्स का, पैसे कोण देतंय, नंतर काय, या तीन प्रश्नांची उत्तरं घरी वडिलांना मराठीत सांगून बघा. त्यांना पटली की इंग्रजीत आणा.

घर आणि बॅग

"पोरगी एकटी एवढ्या लांब?" हे वाक्य येणारच. भांडू नका. आधी गेलेल्या एखाद्या ताईशी आईचं व्हिडिओ कॉलवर बोलणं करून द्या. दहा भाषणांनी जे होत नाही ते तेवढ्या अर्ध्या तासात होतं. आपल्या गावातून आजवर कोणी गेलं नाही असं वडील म्हणाले तर त्यांना पापळच्या पंजाबराव देशमुखांची आठवण द्या. शंभर वर्षांपूर्वी अमरावती जिल्ह्यातल्या त्या खेड्यातून ते एडिनबर्ग आणि ऑक्सफर्डला शिकून आले होते.

जाण्याआधी दात आणि डोळे तपासा, चष्म्याचा एक जोड जास्तीचा करा, तिकडे दोन्ही महाग आहे. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर करून रिपोर्ट सोबत ठेवा. तिकडच्या डॉक्टरला हा आजार आपल्या भागात किती आहे ते माहीत असेलच असं नाही. जवसाची चटणी, तिखट, तूरडाळ आणि छोटा कुकर न्या. दूध-तुपाचे पदार्थ इंग्लंड-युरोपात नेता येत नाहीत, तेव्हा आईला लाडू तुपात बांधू नको म्हणून आधीच सांगा. स्वेटर इथून ढीगभर नेऊ नका. ४५ अंशांच्या उन्हात तापणाऱ्या आपल्या गावच्या बाजारात त्या थंडीचे कपडे मिळत नाहीत, एक जाड जाकीट तिकडेच घ्या.

मूळ कागद हाताच्या बॅगेत, एक झेरॉक्स संच मोठ्या बॅगेत, एक घरी, आणि सगळ्याची स्कॅन प्रत स्वतःच्या ई-मेलवर. जर्मनीत खोली मिळाल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, त्याशिवाय पुढची कामं अडतात. ती अपॉइंटमेंट इथूनच, निघायच्या आधी घेऊन ठेवा. आणि घरच्या फोनमध्ये तिकडची वेळ दाखवणारं घड्याळ लावून द्या, नाहीतर आई सकाळी सडा टाकून झाला की फोन लावेल आणि तुमच्याकडे मध्यरात्र असेल.